नुसती हवाच तर आहे!

गॅरेजच्या कोपऱ्यात धडधडणाऱ्या मध्यम आकाराच्या कॉम्प्रेसरची टाकी १०० लिटरची धरू आणि तिच्यातला दाब ८ बार, म्हणजे सुमारे ११५ पीएसआय (बार आणि पीएसआय ही दाबाची मापं). या टाकीत कोंडलेल्या हवेत साधारण १०० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक टनाची मोटार दहा मीटरवरून, म्हणजे जवळपास तिसऱ्या मजल्यावरून, खाली आदळली तर एवढीच ऊर्जा बाहेर पडेल. विजेच्या उघड्या तारेला माणूस हात लावत नाही, गॅसचा वास आला की खिडक्या उघडतो. हवेला मात्र रंग नाही, वास नाही, आणि आयुष्यभर ती आपण छातीत भरून घेतो. मग तिची भीती वाटणार कशी? हवेवर चालणाऱ्या यंत्रांजवळ होणाऱ्या बऱ्याच अपघातांचं मूळ मला या निर्धास्तपणात दिसतं.

नवी टाकी तपासतात ती पाणी भरून, हवा भरून नव्हे. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. त्यामुळे पत्र्याला चीर गेली तर थोडं पाणी उडतं आणि दाब क्षणात उतरतो. दाबलेली हवा ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते. वाट मिळाली की ती पसरत जाते आणि आड येणारा पत्रा फाडून भिरकावते. पीव्हीसीच्या पाइपातून हवेची लाइन टाकू नये, त्याचं कारणही हेच. त्या पाइपावर छापलेला दाब पाण्यासाठीचा असतो. काही वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि मग धक्का लागला की नळी नुसती गळत नाही, तिच्या धारदार चिरफळ्या उडतात. स्वस्त पडतो म्हणून हा पाइप सर्रास वापरला जातो. तुमच्या वर्कशॉपमध्ये तो असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो काढा.

टाकीचा एक शत्रू म्हणजे पाणी, आणि तो पावसाळ्यात जोर धरतो. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम बाष्प असतं. तासाला १० घनमीटर हवा ओढणारा छोटा कॉम्प्रेसर ती दाबतो, हवा टाकीत निवते आणि तासाभरात जवळपास २०० ग्रॅम पाणी तळाशी जमतं. आठ तास काम चाललं तर दीड लिटर. पाणी सोडायचा तळाचा ड्रेन कॉक रोज उघडला नाही तर हे पाणी आतून पत्रा खात राहतं आणि बाहेरचा रंग तसाच चकचकीत दिसतो. सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना, असं कोणी म्हणेल. तो लागतोच, पण ठरलेला दाब ओलांडला तरच तो उघडतो. गंजून पातळ झालेला पत्रा त्याहून कमी दाबालाच फाटतो, तेव्हा व्हॉल्व्हला काही कळत नाही. म्हणून पत्र्याची जाडी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागते.

ट्रकच्या टायरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या पद्धतीच्या रिमवर टायर धरून ठेवणारी लॉक रिंग खाचेत नीट बसली नसेल तर हवा भरताना ती सुटते आणि समोरच्याच्या डोक्याचा किंवा छातीचा वेध घेते. टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचा, नळी लांब घ्यायची, बाजूला उभं राहायचं. रिंग नीट बसत नाही असं दिसलं तर आधी सगळी हवा सोडायची. हवा भरलेली असताना हातोड्याने ठोकायचं नाही.

आता ब्लो गन, म्हणजे हवेचा झोत सोडणारं पिस्तूल. शिफ्ट संपली की तिने कपड्यांवरची धूळ उडवणं ही कारखान्यांतली जुनी सवय आहे. तिच्या तोंडातून हवा जवळपास ध्वनीच्या वेगाने सुटते. लोखंडाचा बारीक कीस त्या झोतात डोळ्यात घुसतो. साध्या चष्म्याच्या कडेने तो आत येतो, म्हणून बाजू बंद असलेला गॉगल लागतो. कातडीवर जखम असेल तर तिच्यातून हवा खाली शिरते आणि भाग फुगतो. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमानुसार साफसफाईसाठी हवेचा दाब ३० पीएसआयपेक्षा कमी ठेवावा लागतो, आणि तोही कीस अडवणारा आडोसा असेल तरच. तोंड अंगावर टेकून बंद झालं तर हवेला निसटायला बाजूला भोकं असलेल्या ब्लो गन मिळतात. त्याच घ्याव्यात. कपड्यांसाठी मात्र ब्रश किंवा व्हॅक्यूमच बरा.

याहून भयंकर गोष्ट मस्करीत घडते आणि तिच्याबद्दल संकोच न ठेवता बोललं पाहिजे. हवेची नळी कुणाच्या तरी पार्श्वभागाशी धरली जाते. कपडे असले तरी झोत आत शिरतो. मोठं आतडं सुमारे ४ पीएसआयला फाटू शकतं आणि लाइनमध्ये असतात शंभराच्या वर, त्यामुळे एक-दोन सेकंद पुरतात. पोट टणक फुगतं, हवेने छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जाऊन श्वास अडतो, फाटलेल्या आतड्यातली घाण पोटात पसरते. १९०४ पासून अशा दुखापतींच्या वैद्यकीय नोंदी आहेत आणि आपल्या देशातल्या वर्तमानपत्रांतही अशा मृत्यूंच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. बळी बहुतेकदा सर्वांत कोवळा, नवा पोरगा असतो. असं घडलंच तर तडक मोठ्या रुग्णालयात न्यावं आणि डॉक्टरांना खरं काय झालं ते सांगावं. लाजेने किंवा पोलिसांच्या भीतीने ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगण्यात शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

कॉम्प्रेसर बंद केला तरी नळीत दाब उरतोच. यंत्राचा बिट किंवा सॉकेट बदलण्याआधी व्हॉल्व्ह बंद करून ट्रिगर दाबून उरलेली हवा सोडावी. भरली नळी कपलरमधून, म्हणजे जोडातून, सुटली तर ती फटके मारत सुटते. जाड नळ्यांच्या जोडांना म्हणून पोलादी दोरीचा फास घालतात. नट-बोल्ट आवळणाऱ्या इम्पॅक्ट गनवर चकचकीत क्रोमचा हाताच्या पान्याचा सॉकेट लावू नये, तो तडकतो. तिचे काळे सॉकेट वेगळ्या, चिवट पोलादाचे असतात.

हे सगळं एका क्षणात होणारं नुकसान. हातांचं नुकसान वर्षानुवर्षं साचतं. ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकी डॉक्टरांनी १९१८ च्या हिवाळ्यात इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला जाऊन चुनखडी घडवणाऱ्या कारागिरांचे हात तपासले. हवेवर चालणाऱ्या हातोड्याने काम करणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरीफटक आणि बधिर होत होती. त्यातही छिन्नी पकडणाऱ्या डाव्या हाताची जास्त. कंपनांनी बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बिघडतात, आणि यंत्रातून सुटणारी हवा प्रसरणामुळे गार असल्याने त्यात भर पडते. आपल्या उष्ण हवेत पांढरी बोटं क्वचित दिसतात, म्हणून त्रास नाही असं वाटतं. मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणं मात्र येतंच.

युरोपात आठ तासांच्या कामासाठी कंपनांची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. कंपनं दुप्पट झाली की वेळ निम्मा नव्हे, पाव होतो. १० ची कंपनं देणारा ब्रेकर दोन तासांतच ही मर्यादा गाठतो. रस्ता फोडणाऱ्याच्या हातात तो दिवसभर असतो. जाड हातमोज्यांनी अशी मंद, जोरकस कंपनं फारशी अडत नाहीत. माणसं आलटून पालटून लावणं, छिन्नीला धार ठेवणं, यंत्र गरजेपुरतंच घट्ट धरणं, हे उपाय उपयोगी पडतात. हाताला मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल, शर्टाचं बटण लावताना बोटं चुकत असतील, तर डॉक्टरांकडे जाताना आपण कोणतं यंत्र, रोज किती तास चालवतो हे आठवणीने सांगावं. न विचारता सांगावं, कारण हा प्रश्न विचारला जाईलच असं नाही.