मेथी आळते तेव्हा

निवडलेल्या मेथीने परडी शिगोशीग भरलेली असते. ती कढईत पडते आणि तीन-चार मिनिटांत वाटीभर उरते. यासाठी मराठीत एक नेमकं क्रियापद आहे: भाजी आळते. माझी आजी मिठाचा चमचा हातात धरून त्या क्षणाची वाट बघायची. "आळू दे आधी, मग मीठ," असं म्हणायची. तिची दुसरी ताकीद झाकणाबद्दल होती. गवार, कोबी, तोंडली यांच्यावर ती खुशाल ताटली ठेवायची, पण पालेभाजीवर नाही. या दोन्ही गोष्टी मी कारण न विचारता पाळत आले. कारण कळलं ते पुढे वनस्पतींचं रसायनशास्त्र वाचताना, आणि तेव्हापासून मेथी परतणं हे मला घरातलं सर्वांत सुंदर प्रात्यक्षिक वाटतं. ते डोळ्यांनी दिसतं, कारण त्यातला बदल रंगातून कळतो.

मेथीच्या पानाच्या वजनात सुमारे 86 टक्के पाणी असतं, पालकात तर 91 टक्के. हे पाणी पानाच्या प्रत्येक पेशीत रिक्तिका नावाच्या पिशवीत भरलेलं असतं. फुगवलेल्या फुग्यासारखी ती पिशवी पेशीच्या भिंतीला आतून दाबून धरते, म्हणून ताजं पान ताठ उभं राहतं. तापमान साठ अंशांच्या आसपास गेलं की या पिशवीचा पडदा फाटतो, पाणी बाहेर झिरपतं आणि पान लोळागोळा होतं. परडी भरलेली दिसत होती ती पानांच्या ताठपणामुळे आणि त्यांच्यामधल्या हवेमुळे. पाला होता तेवढाच असतो, आटोपशीर होतो इतकंच.

याच वेळी आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याकडे लक्ष द्या. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात मेथी कच्च्या मेथीपेक्षाही हिरवीगार दिसू लागते. नवीन रंग काही तयार झालेला नसतो. पानाच्या आत पेशींच्या मधल्या फटींत हवा असते आणि त्या हवेमुळे प्रकाश विखुरतो, म्हणून कच्चं पान किंचित धुरकट दिसतं. उष्णतेने ती हवा निसटते, फटींत पेशीरस भरतो आणि आतलं हरितद्रव्य स्वच्छ दिसू लागतं. खिडकीची धूळ पुसल्यासारखं.

मग काही मिनिटांनी तोच रंग शेवाळी, पुढे खाकी का होतो? त्यासाठी हरितद्रव्याचा रेणू बघायला हवा. कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचं एक मोठं कडं, आणि त्याच्या मधोमध मॅग्नेशिअमचा एकच अणू. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही जवळजवळ असंच कडं असतं, फक्त मध्यभागी लोह असतं. हरितद्रव्याच्या अभ्यासासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांना 1915 सालचं नोबेल मिळालं. हान्स फिशर यांना 1930 साली रक्तातल्या रंगद्रव्यासोबत याच रेणूच्या रचनेवरच्या कामासाठी मिळालं. मेथीच्या जुडीत असा ऐवज आहे.

जिवंत पानात हे हरितद्रव्य पेशीतल्या हरितलवक नावाच्या कप्प्यांत सुरक्षित असतं आणि पेशीतली सेंद्रिय आम्लं रिक्तिकेत वेगळी ठेवलेली असतात. दोघांची गाठ पडत नाही. भाजी आळली की मधले पडदे फाटतात आणि आम्ल हरितद्रव्यापर्यंत पोचतं. आम्लातले हायड्रोजनचे आयन कड्याच्या मध्यभागी घुसून मॅग्नेशिअमला बाहेर काढतात. उरतो तो फिओफायटिन नावाचा रेणू, आणि त्याचा रंग मळकट शेवाळी असतो. मॅग्नेशिअम एकदा सुटलं की ते घरच्या कढईत परत बसवता येत नाही. हा बदल व्हायला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात. साधारण पाच-सात मिनिटांत भाजी उतरवली तर बहुतेक हरितद्रव्य शाबूत राहतं.

आता झाकणाचं कोडं सुटतं. पानातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जाणारी असतात. कढई उघडी असेल तर ती स्वयंपाकघरात विरून जातात. झाकण ठेवलं की वाफेचे थेंब होतात आणि आम्लासकट पुन्हा भाजीवर पडतात. गवारीवर आपण ताटलीत पाणी घालून ठेवतो तेव्हा हेच हवं असतं: थंड ताटलीखाली वाफ लगेच थिजते, थेंब परत खाली पडतात आणि भाजी न करपता शिजते. गवारीला पंधरा मिनिटं लागतात, तिचा थोडा रंग गेलेला चालतो. मेथीचं पान मात्र वाफेची वाट बघत थांबण्याइतकं जाड नसतं.

पालेभाजी मोठ्या आचेवर का परतायची, याचा हिशेब मला फार आवडतो. एक ग्रॅम पाणी 25 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापवायला 75 कॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी 540 कॅलरी, म्हणजे सातपटीहून जास्त. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. दोन जुड्या एकदम छोट्या कढईत कोंबल्या तर शेगडी इतक्या पाण्याची वाफ वेळेत करू शकत नाही. पाणी साचतं, तेल थंडावतं आणि भाजी परतली न जाता स्वतःच्याच आंबूस रसात उकळत बसते. म्हणून कढई पसरट हवी, मेथी धुऊन चाळणीत नीट निथळलेली हवी आणि मूठ-मूठ करून घालायला हवी. पहिली मूठ बसली की दुसरी. कालथा थांबता कामा नये.

मिठाचंही तसंच. परासरणामुळे मीठ पेशींतलं पाणी ओढून घेतं. सुरुवातीलाच मीठ घातलं तर रस भराभर सुटतो आणि वाफ करायचं काम वाढतं. शिवाय भरलेल्या कढईकडे बघून घातलेलं मीठ वाटीभर भाजीला खारट करतं. आजीच्या एका वाक्यात ही दोन्ही कारणं होती.

फोडणीबद्दल एकच सांगते, ते लसणाचं. लसणाचा तो खास वास अख्ख्या पाकळीत नसतो. पाकळी ठेचली की एक विकर (एन्झाइम) दुसऱ्या पदार्थाला भेटतं आणि अॅलिसिन तयार होतं. उष्णतेने हे विकर निकामी होतं, म्हणून लसूण आधी ठेचून पाचेक मिनिटं तसाच ठेवा आणि मग तेलात घाला. चमचाभर तेलाबद्दल हळहळू नका. पालेभाजीतलं बीटा-कॅरोटीन आणि के जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषलं जातं. हरितद्रव्यही पाण्यापेक्षा तेलातच सहज विरघळतं, कढईच्या कडेचं तेल हिरवट दिसतं ते त्यामुळे. लाल माठाचं याउलट: त्याचा रंग बीटासारखा पाण्यात उतरतो, म्हणून भात गुलाबी होतो.

रंग टिकवायला चिमूटभर सोडा घालणारे बरेच आहेत. सोड्याने आम्ल मारलं जातं आणि हिरवा रंग खरंच राहतो, पण पेशीभित्तिका विरघळून भाजीचा लगदा होतो आणि बी-1 व सी जीवनसत्त्वांची नासाडी होते. माझ्या मते हा सौदा करू नये. जुन्या पितळी-तांब्याच्या भांड्यांचं प्रकरण वेगळं. मॅग्नेशिअमच्या रिकाम्या जागी तांब्याचा अणू बसला तर रंग अगदी पक्का हिरवा होतो, पण त्यासाठी अन्नात तांबं उतरावं लागतं, आणि ते उतरू नये म्हणूनच भांड्यांना कल्हई असते. लोखंडी कढई वापरा, तिच्यातलं थोडं लोह भाजीत येतं ते बरंच. फक्त भाजी झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर पानातली तुरट द्रव्यं लोहाशी जुळून भाजी काळी पडते.

लिंबाचं काय? कढईत पिळलेलं लिंबू मॅग्नेशिअमला हुसकावणार, हे उघड आहे. पण पानावर वाढल्यावर पिळलेलं लिंबू फार उपयोगाचं. पालेभाजीतलं लोह आपल्या आतड्यांना सहजी मिळत नाही, सी जीवनसत्त्वाच्या संगतीत ते जास्त शोषलं जातं. भाजी तोवर निवू लागलेली असते आणि जेवण दहा-पंधरा मिनिटांत संपतं, त्यामुळे रंग बिघडायला सवड मिळत नाही.

हे सगळं पडताळून बघायला एक जुडी पुरते. तिचे तीन भाग करा. एक भाग उघड्या कढईत चार मिनिटं परता, दुसरा झाकण ठेवून दहा मिनिटं, तिसऱ्यात सुरुवातीलाच अर्ध्या लिंबाचा रस घाला. तिन्ही पांढऱ्या बशीत शेजारी शेजारी ठेवा. घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलाला हे करू द्या. त्याच्या पुस्तकातलं आम्ल त्याला समोर दिसेल.

राहता राहिला डबा. सकाळी सातला हिरवीगार भरलेली मेथी दुपारी एक वाजता काळपट निघते, कारण गरम भाजीवर घट्ट झाकण लागलं की आत तेच सुरू होतं: वाफ, आम्ल, पुन्हा थेंब, आणि हाताशी भरपूर वेळ. भाजी झाली की ताटात पातळ पसरा आणि पाच मिनिटं पंख्याखाली ठेवा. कोमट झाली की डब्यात भरा. थोड्या वेळाने झाकण उघडून बघा, आतल्या बाजूला थेंब नसले म्हणजे जमलं.