‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही’ : एका वाक्याची पार्श्वभूमी

‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही’ (ख्रिस्तसभा म्हणजे चर्च, तारण म्हणजे आत्म्याची मुक्ती) हे वाक्य अन्यधर्मीयांना उद्देशून लिहिले गेले असावे, असा आज सहज समज होतो. पण त्याचा उगम घरच्याच भांडणात आहे. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी ते इ. स. 256 च्या सुमारास लिहिले, तेव्हा वाद चालला होता तो पाखंडी ठरलेल्या गटांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरावा की नाही, याचा. त्यांचा रोख ख्रिस्तसभेशी फारकत घेणाऱ्यांवर होता, मूर्तिपूजक शेजाऱ्यांवर नव्हे. त्यांच्या शंभरएक वर्षे आधी संत जस्टिन यांनी तर, विवेकाला धरून जगलेला सॉक्रेटिसही ख्रिस्तीच, असे मांडले होते.

पुढे रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाले, सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, सर्वदूर पोहोचली आहे आणि जो बाहेर राहिला तो जाणूनबुजूनच राहिला, अशी समजूत रुजत गेली. 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने, म्हणजे बिशपांच्या धर्मसभेने, मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी आणि फुटीर या सर्वांना, मरणापूर्वी ते ख्रिस्तसभेत न आल्यास, सार्वकालिक अग्नीचा निवाडा सुनावला. त्यानंतर अवघ्या पन्नास वर्षांत कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला आणि ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नव्हते अशी असंख्य माणसे युरोपच्या धर्मपंडितांसमोर उभी राहिली.

या निवाड्याचा भार प्रत्यक्ष माणसांवर कसा पडला, हे धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर यांनी जपानहून परतल्यावर जानेवारी 1552 मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात दिसते. नव्याने बाप्तिस्मा घेतलेले जपानी आपल्या मृत आईवडिलांविषयी, बायकामुलांविषयी विचारत, त्यांना नरकातून सोडवण्याचा काही उपाय आहे का म्हणून विनवत. उपाय नाही हे उत्तर ऐकून ते रडत, आणि ते पाहून आपल्यालाही दुःख होते, असे झेवियर लिहितात. त्याच पत्रात त्यांनी हेही मान्य केले आहे की, खून आणि चोरी वाईट, हे कोणी शिकवण्याआधीच निर्मात्याने या लोकांच्या अंतःकरणात लिहून ठेवले होते. मला हे पत्र या साऱ्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक कागद वाटते, कारण शिकवण आणि करुणा यांची ओढाताण त्यात लपवलेली नाही.

वाट हळूहळूच निघाली. बाप्तिस्म्याची मनापासूनची इच्छाही गणली जाते, हे ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये मान्य केले होते. ज्यांचे अज्ञान त्यांच्या दोषामुळे नाही त्यांना शिक्षा होणार नाही, असे पोप नववे पायस यांनी 1863 मध्ये लिहिले. अमेरिकेतील बॉस्टनमध्ये फादर लिओनार्ड फीनी यांनी जुन्या वाक्याचा कठोर शब्दशः अर्थ लावला, तेव्हा 1949 मध्ये रोमनेच त्यांचा अर्थ नाकारला आणि आज्ञाभंगाबद्दल 1953 मध्ये त्यांना बहिष्कृत केले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये हा विचार अधिकृत शिकवणीत स्पष्ट मांडला: स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रांजळ मनाने देवाचा शोध घेतात आणि कृपेच्या प्रेरणेने सदसद्विवेकाला अनुसरून वागतात, त्यांचेही तारण होऊ शकते. पुढच्याच वर्षी परिषदेने हिंदू व बौद्ध धर्मांचा नावानिशी उल्लेख करून, त्यांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे जाहीर केले.

मात्र असे तारण त्या व्यक्तीला तिच्या धर्माच्या द्वारे मिळते की तो धर्म असूनही, याचा निर्णय परिषदेने दिला नाही. भारतात अनेक दशके शिकवलेले जेझुइट (येशूसंघीय) धर्मगुरू जाक द्युपुई यांनी 1997 च्या ग्रंथात पहिल्या शक्यतेकडे पाऊल टाकले. त्यावर रोममध्ये चौकशी झाली आणि 2001 मध्ये त्यांच्या मांडणीतील संदिग्धतेबद्दल अधिकृत सूचना निघाली. अन्य धर्मांना ख्रिस्तसभेला पूरक असे तारणाचे मार्ग मानता येणार नाही, असे त्या सूचनेने बजावले. इतर धर्मीयांच्या जीवनात पवित्र आत्मा कार्य करतो, हे मात्र तिनेही मान्य केले.