रेडिओ-चाच्यांना खारं पाणी पावलं

1960 च्या दशकात इंग्लंडच्या एसेक्स परगण्यासमोर नांगर टाकून बसलेल्या रेडिओ-जहाजांची गोष्ट बहुतेक जण कायद्यापासून सुरू करतात. ब्रिटनमध्ये बीबीसीखेरीज कुणालाही रेडिओ केंद्र चालवता येत नव्हतं. देशाची हद्द किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांवर, म्हणजे साडेपाच किलोमीटरवर संपत होती. म्हणून काही हिकमती मंडळींनी, म्हणजेच रेडिओ-चाच्यांनी, हद्दीबाहेर जहाज उभं केलं आणि गाणी वाजवायला सुरुवात केली. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी पदार्थविज्ञानाची आहे आणि मला तीच जास्त रंगतदार वाटते. कायद्याने ज्यांना समुद्रात ढकललं, त्यांच्या हाती मीडियम वेव्हसाठी जमिनीवर शोधूनही मिळाली नसती अशी जागा फुकटात पडली.

परगणाही साधासुधा नाही. मार्कोनीच्या कंपनीने 1898 मध्ये वायरलेसचा कारखाना काढला तो एसेक्समधल्या चेम्सफर्डला. तिथूनच 15 जून 1920 रोजी ऑपेरा गायिका नेली मेल्बा यांचं गाणं हवेत सोडण्यात आलं. त्याच वर्षी सरकारने चेम्सफर्डचे हे प्रयोग बंद पाडले. विमानांच्या आणि लष्कराच्या संदेशांत त्यांचा व्यत्यय येतो, अशी तक्रार होती. पुढे हौशी श्रोत्यांनी रेटा लावला तेव्हा 14 फेब्रुवारी 1922 पासून जवळच्याच रिटल गावातल्या एका लष्करी खोपट्यातून, आठवड्यातून एकदा, प्रसारणाला परवानगी मिळाली. रेडिओवरचं गाणं आणि सरकारची नाराजी यांची जोडी एसेक्सने चाळीस वर्षं आधीच पाहिली होती.

1960 च्या दशकात बीबीसीवर तबकड्या किती तास वाजवायच्या यावर मर्यादा होती. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांच्या संघटनांशी तसे करारच होते. उरलेल्या वेळात बीबीसीचे वाद्यवृंद लोकप्रिय गाणी आपल्या पद्धतीने वाजवत. ज्यांना मूळ रेकॉर्ड ऐकायची असे ते 208 मीटर लांबीच्या लहरीवर रेडिओ लक्झेंबर्ग लावत, पण ते नीट लागे फक्त रात्री. जमिनीपासून साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या भागाचा, 'डी' नावाचा थर असतो. तो सूर्यप्रकाशामुळे तयार होतो आणि वर जाणाऱ्या मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहरी त्याहून वरच्या थरांपर्यंत पोचतात, तिथून वळतात आणि शेकडो किलोमीटर दूर खाली उतरतात. मात्र ते वरचे थर एका जागी स्थिर नसतात. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी एकमेकींना खोडतात, आणि गाण्याच्या ऐन रंगात आवाज बुडतो.

मराठी घरांतल्या जुन्या पिढीला हे चढ-उतार वेगळे सांगायला नकोत. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली. सिलोनची मदार शॉर्ट वेव्हवर, म्हणजे पूर्णपणे आयनांबरावर. शेवटी 1957 मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला श्रोते परत आणावे लागले. एसेक्ससमोर हेच नाटक एका तपानंतर पुन्हा रंगलं, फक्त तिथे आकाशाचं काम समुद्राने केलं.

रोनान ओ'राहिली या आयरिश तरुणाने एक जुनी डॅनिश फेरी घेतली, आयर्लंडमधल्या ग्रीनोर बंदरात तिच्यावर प्रक्षेपक आणि अँटेनाची उंच डोलकाठी चढवली आणि 28 मार्च 1964 रोजी, ईस्टरच्या सुट्टीत, रेडिओ कॅरोलाइन सुरू केला. जहाज उभं होतं शेजारच्या सफक परगण्यातल्या फेलिक्स्टोसमोर, एसेक्सच्या हारिच बंदरापासून खाडीपलीकडे. मे महिन्यात रेडिओ अटलांटाचं 'मी आमिगो' हे जहाज एसेक्समधल्या फ्रिंटनसमोर आलं. जुलैमध्ये दोन्ही केंद्रं एक झाली. पहिलं जहाज आइल ऑफ मॅन बेटाकडे गेलं आणि 'मी आमिगो' कॅरोलाइन साउथ या नावाने फ्रिंटनसमोरच राहिलं. डिसेंबरात रेडिओ लंडनचं 'गॅलक्सी' आलं. हे अमेरिकन नौदलाचं सुरुंग काढणारं जुनं जहाज. फ्रिंटन हे इतकं सोवळं गाव की तिथे 2000 सालापर्यंत एकही पब नव्हता. त्याच्याच दारात देशातला सगळ्यात दंगेखोर रेडिओ वाजत होता.

आता डोलकाठ्यांकडे पाहू. कॅरोलाइन स्वतःचा पत्ता '199 मीटर' सांगे, कारण 'नाइन'चं 'कॅरोलाइन'शी यमक जुळतं. प्रत्यक्षात ती 1520 किलोहर्ट्झवर होती, म्हणजे लहरीची लांबी सुमारे 197 मीटर. तिचा चौथा हिस्सा 49 मीटर, आणि जहाजावरची काठी होती जवळपास 50 मीटर. 'गॅलक्सी' 266 मीटरवर होतं. त्याचा चौथा हिस्सा साडेसहासष्ट आणि काठी सुमारे 65 मीटर. हा योगायोग नाही. उभ्या अँटेनाची उंची लहरीच्या चतुर्थांशाइतकी असली की प्रक्षेपकाची वीज तिच्यात सहज उतरते. अट एकच: तिच्या पायाशी वीज उत्तम वाहून नेणारं काहीतरी दूरवर पसरलेलं हवं. अँटेनाचा उरलेला अर्धा भाग त्या पृष्ठभागातल्या प्रवाहांमुळे तयार होतो, जणू काठीचं प्रतिबिंब खाली उलटं उभं आहे. जमिनीवर हे साधायचं तर अँटेनाभोवती चक्राच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरतात. चांगल्या केंद्राला अशा 120 तारा लागतात, प्रत्येक कित्येक मीटर लांब. जहाजवाल्यांना एक तारही पुरावी लागली नाही. पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात बसलेलं, आणि पाणी क्षितिजापर्यंत.

खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता मीटरला सुमारे 4 सीमेन्स असते. ओलसर, सुपीक मातीची 0.01 ते 0.03, खडकाळ जमिनीची हजारांश सीमेन्सच्या घरात. म्हणजे समुद्र मातीपेक्षा शेकडो पटींनी आणि खडकापेक्षा हजारो पटींनी चांगला वाहक आहे. मीडियम वेव्हचा जो भाग आयनांबराच्या नादी न लागता पृष्ठभागाला धरून जातो, त्याला भूलहर म्हणतात. ती चालताना पृष्ठभागात थोडी शिरते आणि तिथे तिची ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते. मातीत ती कित्येक मीटर खोल शिरते. समुद्रात मात्र 1000 किलोहर्ट्झच्या आसपासची लहर जेमतेम वीतभर खोल जाते. त्या वीतभर पाण्याखाली समुद्र किती खोल आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. एवढ्या कमी खर्चात चालणारी लहर दूर जाते, आणि 'डी' थर तिच्या वाटेत येतच नसल्याने भर दुपारीही स्थिर लागते. लक्झेंबर्ग रात्रीचा राजा होता, तर दिवस चाच्यांचा. कॅरोलाइनने सुरुवातीला याचा हिशेब नीट मांडला होता: सकाळी सहाला सुरू व्हायचं आणि संध्याकाळी सहाला, लक्झेंबर्ग जागा होताना, त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं.

फ्रिंटनची जागा तर आणखीच नामी. नैर्ऋत्येकडे थेम्सचं रुंद मुख उघडतं. केंटचा उत्तर किनारा आणि एसेक्सचं साउथेंड यांच्यापर्यंत लहरीला बराचसा रस्ता पाण्यावरूनच मिळे. पुढे लंडनपर्यंतची जमीन सखल आणि चिकणमातीची. ती समुद्राइतकी चांगली नसली तरी डोंगराळ मुलखापेक्षा कितीतरी बरी.

इथे एक चमत्कारिक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. जमिनीवरून चाललेली भूलहर समुद्रावर उतरली तर काय होईल? प्रक्षेपकापासून लांब जाताना ती क्षीणच होत जाणार, असं आपण म्हणू. प्रत्यक्षात किनारा ओलांडल्यावर काही अंतर ती चक्क जोरदार होते. जमिनीलगत लहरीची ऊर्जा शोषली जाते, पण जरा उंचावर ती शिल्लक असते. चांगला वाहक पायाखाली आला की ती ऊर्जा पुन्हा खाली भरून येते. हा हिशेब 1949 मध्ये मांडणारे जी. मिलिंग्टन हे मार्कोनी कंपनीचेच शास्त्रज्ञ होते. या परिणामाला आजही त्यांचंच नाव आहे.

सगळेच चाचे जहाजावर नव्हते. दुसऱ्या महायुद्धात थेम्सच्या मुखावर गाय मॉन्सेल या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे विमानवेधी तोफांचे किल्ले समुद्रात उभारले होते. युद्धानंतर ते ओस पडले. त्यांपैकी नॉक जॉन हा दोन पोकळ काँक्रीट खांबांवरचा किल्ला रॉय बेट्स या माजी लष्करी अधिकाऱ्याने बळकावला आणि 1965 मध्ये तिथून रेडिओ एसेक्स सुरू केला. परगण्याचं नाव लावणारा हा स्थानिक रेडिओ चोवीस तास चाले. किल्ले जहाजांसारखे डुलत नसत, पण त्यांना जागाही बदलता येत नसे, आणि तिथेच ते अडकले. हद्द मोजायची कुठून? थेम्सच्या मुखात वाळूचे लांबलचक दांडे आहेत. भरतीला ते बुडतात, ओहोटीला उघडे पडतात. सागरी कायद्याप्रमाणे किनाऱ्याजवळचा असा दांडा ओहोटीला वर येत असेल तर हद्द त्याच्यापासून मोजता येते. केंटच्या बाजूला रेड सँड्स किल्ल्यावर चालणाऱ्या रेडिओ 390 च्या खटल्यात वाळूचा एक पट्टा खरंच उघडा पडतो का, यावर न्यायालयात वाद झाला. बेट्सना 1966 मध्ये 100 पौंड दंड झाला. ते तिथून हलले आणि पुढच्या वर्षी सफकसमोरच्या रफ्स किल्ल्यावर जाऊन त्यांनी 'सीलँड' नावाचं स्वतंत्र राष्ट्रच जाहीर केलं. पाणी जे रेडिओला देत होतं, ते वाळू कायद्याच्या खात्यात जमा करत होती.

समुद्राचं हे देणं फुकट होतं, पण सुखाचं नव्हतं. पन्नास-साठ मीटरची काठी जहाजावर म्हणजे लोळणारं वजन. तिला ताण देणाऱ्या तारा मधूनमधून इन्सुलेटरने तोडाव्या लागतात, नाहीतर त्याच अँटेना होऊन बसतात. त्या इन्सुलेटरवर खारे तुषार साचले की वीज त्यांच्यावरून ठिणग्या टाकत पळते. लहरीला वाट करून देणारं तेच मीठ इथे वैरी. 20 जानेवारी 1966 च्या वादळात 'मी आमिगो'चा नांगर सुटला आणि ते फ्रिंटनजवळच्या वाळूवर जाऊन आदळलं. माणसं दोराच्या पाळण्याने किनाऱ्यावर काढावी लागली. दुरुस्त होऊन ते परत आलं, पुढे अनेक वर्षं टिकलं आणि मार्च 1980 मध्ये लाँग सँडच्या दांड्यावर बुडालं. त्याची काठी पाण्याबाहेर उभीच राहिली, काही वर्षं.

15 ऑगस्ट 1967 पासून लागू झालेल्या कायद्याने लहरींना हातही लावला नाही. त्याने रसद तोडली: जाहिरात देणं, डिझेल-अन्न पुरवणं, जहाजावर नोकरी करणं हे सारं ब्रिटिश नागरिकांसाठी गुन्हा ठरलं. रेडिओ लंडन आदल्या दुपारी तीनला बंद झाला. सहा आठवड्यांनी बीबीसीने रेडिओ वन सुरू केला, आणि त्यावरचा पहिला आवाज होता टोनी ब्लॅकबर्न यांचा, चाच्यांच्याच जहाजांवर तयार झालेला. लहरींवर थेट घाव 1970 मध्ये पडला. रेडिओ नॉर्थ सी इंटरनॅशनलचं जहाज एसेक्ससमोर आलं तेव्हा सरकारने त्याच्यावर दुसरा प्रक्षेपक रोखला. मीडियम वेव्हच्या रेडिओत जवळजवळच्या दोन वाहक लहरी एकदम शिरल्या की त्यांच्या कंप्रतांमधला फरक शिट्टी होऊन ऐकू येतो. गाणं बुडवायला तेवढं पुरतं. निवडणूक तोंडावर होती. जहाजाने उलट सत्ताधारी मजूर पक्षाविरुद्धच प्रचार आरंभला आणि तो पक्ष हरला. शिट्टीमुळे हरला, असं मी तरी म्हणणार नाही.

पुढचा स्थानिक रेडिओ रीतसर परवान्यांचा आणि एफएमचा. एसेक्स रेडिओ 1981 मध्ये आला, बीबीसी एसेक्स 1986 मध्ये. एफएमवरची, समजा 103.5 मेगाहर्ट्झची, लहर तीन मीटरहून थोडी लहान असते. ती पृष्ठभागाला धरून चालत नाही, साधारण नजरेच्या टप्प्याइतकीच जाते, म्हणून समुद्राऐवजी उंची कामाची. लंडनच्या नंतरच्या चाच्यांनी जहाजं सोडून उंच इमारतींच्या गच्च्या गाठल्या त्या याचसाठी. तरी समुद्र पुरता बाद होत नाही. उन्हाळ्यातल्या शांत दिवसांत थंड पाण्यावर गरम हवेचा थर बसला की एफएमच्या लहरी त्याखाली कोंडून वाकत जातात आणि एसेक्समध्ये डच केंद्रं लागतात. 2004 मध्ये कॅरोलाइनची चाळिशी आली तेव्हा खुद्द बीबीसी एसेक्सने हारिचमधल्या जुन्या दीपनौकेवरून 'पायरट बीबीसी एसेक्स' चालवला.

कॅरोलाइन अजून आहे. 1983 पासूनचं तिचं 'रॉस रिव्हेंज' हे जहाज आता एसेक्समध्ये ब्लॅकवॉटर नदीत नांगरलेलं असतं. 2017 मध्ये तिला मीडियम वेव्हचा परवाना मिळाला: 648 किलोहर्ट्झ, बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने 2011 मध्ये सोडून दिलेली जागा. सुरुवातीची शक्ती होती 1 किलोवॉट, आणि प्रक्षेपक सफकच्या किनाऱ्यावर ऑर्फर्ड नेस या गोट्यांच्या दांड्यावर, पाण्याला लागून. महिन्यातून एकदा कार्यक्रम जहाजावरून होतात. लहरी मात्र तिथून निघत नाहीत. परवाना सफक आणि उत्तर एसेक्सपुरता आहे, पण समोर मोकळा समुद्र असल्यामुळे नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरही कॅरोलाइन ऐकू येते.