घसा एक, कॅन्सर दोन

मामांच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर अगदी खाली एक ओळ होती : 'पी१६ पॉझिटिव्ह'. ती वाचून मामी मटकन खाली बसली. "पॉझिटिव्ह आलंय रे," एवढंच म्हणाली. कोविडनंतर आपल्या घराघरांत या शब्दाला एकच अर्थ उरलाय. खरं तर त्या सबंध कागदावर तेवढी एकच ओळ बरी होती, पण हे समजायला आम्हाला आठवडा गेला.

मामांना सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं. लग्नाच्या पंगतीनंतर विडा पुढे आला तर तो शेजाऱ्याच्या हातात ठेवणारा माणूस. त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येकजण 'तंबाखू नाही, दारू नाही, मग घशाचा कॅन्सर झालाच कसा?' असं विचारायचा आणि विचारताना हळूच मामांच्या दातांकडे बघायचा.

गोंधळ आपल्या शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत 'घसा' फार ऐसपैस आहे. आवाज बसला तरी घसा, गिळताना दुखलं तरी घसा. डॉक्टर मात्र या बोळाचे वेगवेगळे भाग पाडतात. पुढे तोंड, म्हणजे जीभ, गाल, हिरड्या. त्यामागे टॉन्सिल, जिभेचं मूळ, मऊ टाळू, पडजीभ. त्याखाली स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या दाराशी असलेला भाग. तंबाखू यातली कुठलीही जागा सोडत नाही. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, याची मात्र ठरलेली जागा आहे : टॉन्सिल आणि जिभेचं मूळ. गालाच्या किंवा स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा अगदी थोडा.

टॉन्सिलच का? टॉन्सिल वरून दिसतो तसा गुळगुळीत गोळा नसतो. त्यात खोल खाचा असतात आणि खाचांच्या तळाशी अस्तर जाळीसारखं विरळ असतं. बाहेरून आलेले जंतू आतल्या रोगप्रतिकारक पेशींना 'दिसावेत' म्हणून केलेली ही सोय. तिथूनच विषाणू अस्तराच्या तळच्या पेशींपर्यंत पोचतो. पहाऱ्यासाठी ठेवलेल्या खिडकीतूनच चोर आत यावा, तसं. एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत, पण घशाच्या या कॅन्सरमागे बहुतेक वेळा एकच असतो, सोळा नंबरचा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा मुख्य गुन्हेगारही तोच. तो संबंध दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

तंबाखू आणि विषाणू, दोघांची काम करायची पद्धतही वेगळी. तंबाखूतली रसायनं आणि विडीचा धूर वर्षानुवर्षं अस्तरातल्या पेशींच्या डीएनएवर घाव घालत राहतात. सोबत दारू असेल तर तिच्यापासून तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड भर घालतं, शिवाय दारूमुळे तंबाखूचं विष अस्तरात जास्त मुरतं. दोन्ही व्यसनं एकत्र आली की धोक्याची बेरीज होत नाही, जवळपास गुणाकार होतो. आणि हे सगळं अस्तर एकाच विषात भिजलेलं असतं. वावरात तण एका जागी दिसलं तरी बी सगळीकडे पडलेलं असतं, तसाच हा प्रकार. म्हणून तंबाखूवाल्या रुग्णाचा एक कॅन्सर बरा झाला तरी काही वर्षांनी दुसऱ्या जागी नवा निघण्याची भीती राहते.

विषाणू असा सगळीकडे घाव घालत नाही. तो पेशीत शिरून ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं तयार करून घेतो. ई६ मुळे पी५३ हा पेशीचा राखणदार नष्ट होतो, ई७ मुळे आरबी नावाचा ब्रेक निकामी होतो. ब्रेक लागत नाही म्हटल्यावर पेशी दुसरा ब्रेक जीव खाऊन दाबते. तो दुसरा ब्रेक म्हणजे पी१६. तो पेशीत इतका साठतो की काचपट्टीवर रंग दिला की गाठ तपकिरी दिसते. सत्तर टक्के किंवा जास्त पेशी अशा ठळक रंगल्या की रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' लिहितात.

यातली मेख अशी की तंबाखूच्या कॅन्सरमध्ये पी५३ चं जनुकच बहुधा बिघडलेलं असतं. विषाणूच्या कॅन्सरमध्ये जनुक शाबूत असतं, त्याचं काम फक्त दाबलेलं असतं. रेडिएशनला, म्हणजे शेकाला, हा कॅन्सर चांगला दाद देतो, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, टॉन्सिलच्या परिसरातला कॅन्सर पुढच्या टप्प्यावर असलेल्या रुग्णांपैकी एचपीव्ही असलेले ८२.४ टक्के तीन वर्षांनंतर हयात होते आणि नसलेले ५७.१ टक्के. फरक एवढा मोठा की २०१७ च्या आठव्या आवृत्तीत कॅन्सरचे टप्पे ठरवणारी नियमावलीच दोघांसाठी वेगळी झाली. मानेच्या एका बाजूला दोन-तीन गाठी असतील तर जुन्या हिशोबानं चौथा टप्पा व्हायचा. पी१६ पॉझिटिव्ह असेल तर आता तोच पहिला ठरू शकतो.

लक्षणांतही फरक आहे. तंबाखूचा कॅन्सर बहुधा आधी त्रास देतो : न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, तिखट झोंबणं, आवाज घोगरा होणं, घास अडकणं, एकाच कानात ठणका. सुपारी, मावा, खर्रा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू आक्रसत जातं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा, नाही गेली तर आजच डॉक्टरकडे जा. विषाणूवाला मात्र गुपचूप येतो. मामांना दाढी करताना जबड्याखाली लिंबाएवढी गाठ लागली. ना दुखत होती, ना घसा धरला होता. मूळ कॅन्सर टॉन्सिलच्या खाचेत वाटाण्याएवढा असतो आणि मानेत उतरलेली गाठ मोठी. शिवाय ही गाठ अनेकदा पाण्यानं भरलेली असते, त्यामुळे सुईच्या तपासणीत नुसतं पाणी येतं आणि हाती काही लागत नाही. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटलं की आधी टीबी आठवतो, जुनी माणसं गंडमाळ म्हणायची तोच. तसा तो असतोही पुष्कळदा. पण पन्नाशीच्या पुढच्या माणसाला तपासणीत टीबी न सापडताच औषधं सुरू झाली, तर टॉन्सिल कोणी नीट पाहिलाय का, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

आता ज्या प्रश्नावर घरं फुटतात तो : हा विषाणू आला कुठून? एचपीव्ही घशात येतो तो मुख्यतः शरीरसंबंधांतून, विशेषतः मुखमैथुनातून. एका ताटात जेवल्यानं किंवा नातवाचा पापा घेतल्यानं हा कॅन्सर लागत नाही. बहुतेकांच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्यांच्यात तो मुक्काम करतो, आणि कॅन्सर व्हायला वीस-तीस वर्षं जातात. त्यामुळे साठीच्या नवऱ्याच्या रिपोर्टवरून त्याच्या आजच्या वागण्याचा काहीही निष्कर्ष निघत नाही. मामीनं हे विचारलं नाही. तिच्या बहिणीनं विचारलं, मोठ्यानं, दवाखान्याच्या जिन्यात.

न्यू जर्सीच्या मावसभावानं तेवढ्यात एक लिंक पाठवली : अमेरिकेत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीमुळे होतात. आकडा तिथला, आणि खरा. पण तो महाराष्ट्राला लावू नका. भारतात हे प्रमाण बरंच कमी आहे आणि आपल्याकडे मूळ दुखणं तंबाखूचंच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू घेणारे होते, ओढणारे अवघे ३.८ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मशेरी मात्र अजूनही कितीतरी घरांत मोरीच्या कट्ट्यावर टूथपेस्टशेजारीच असते आणि ती लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू घेतो असं वाटतही नाही. ती लिंक घरच्या ग्रुपवर आल्यावर तळहातावर चुना मळत 'बघा, विषाणूनंच होतो' म्हणणारे एक काका आमच्याकडेही निघाले.

दोन्ही एकाच माणसात असू शकतात, हे त्या काकांना सांगायला हवं होतं. त्याच २०१० च्या अभ्यासात एचपीव्ही असूनही ज्यांनी पुष्कळ सिगरेटी ओढल्या होत्या आणि ज्यांच्या मानेत जास्त गाठी होत्या, त्यांची सरस गटातून मधल्या गटात घसरण झाली : तीन वर्षांनंतर ९३ टक्क्यांऐवजी ७०.८ टक्के हयात. पुष्कळ म्हणजे रोज वीसचं एक पाकीट, दहा वर्षांहून जास्त.

मग चांगल्या जातीचा कॅन्सर म्हणून उपचार कमी करायचे का? हा मोह डॉक्टरांनाही झाला. रेडिएशनसोबत द्यायच्या नेहमीच्या सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाऐवजी सौम्य समजलं जाणारं सेटक्सिमॅब हे औषध देऊन दोन मोठ्या चाचण्या झाल्या. निकाल आले ते उलटे, सेटक्सिमॅबवाले जास्त दगावले. तेव्हा बाहेरच्या चाचण्यांच्या बातम्या दाखवून डॉक्टरांशी घासाघीस करण्यात अर्थ नाही.

लस आहे, पुण्यातच बनते. सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली, तिच्यात सोळा नंबरही आहे, आणि ती मुलग्यांनाही देता येते. नऊ ते चौदा वयात दोन डोस, पुढे सव्वीसपर्यंत तीन. ती विषाणू येण्याआधी घ्यायची असते, झालेल्या कॅन्सरवर तिचा उपयोग नाही. 'मुलींची लस' हे तिचं नाव मात्र आपल्याकडे इतकं घट्ट बसलंय की मुलग्याच्या आईला डॉक्टर विचारतही नाहीत. ही सवय मोडायला हवी, कारण गर्भाशयमुखाची निदान पॅप तपासणी तरी होते. टॉन्सिलसाठी तशी कुठलीच चाळणी नाही.

एक शेवटची गोष्ट रिपोर्टबद्दल. पी१६ ही विषाणूची सावली आहे, प्रत्यक्ष विषाणू नव्हे. जिथे एचपीव्ही कमी, तिथे ही सावली फसवी निघण्याची शक्यता जास्त. म्हणून मामांच्या डॉक्टरांनी त्याच बायोप्सीच्या तुकड्यावर एचपीव्हीची वेगळी तपासणी मागवली. दहा दिवसांनी तो कागद आला. मामीनं चष्मा लावला, 'पॉझिटिव्ह' या शब्दावर बोट ठेवलं, आणि विचारलं, "मग शेक कधीपासून सुरू करायचा?"