पापणी मिटते, गाठ छातीत

"सकाळी बरी आसतंय, तिनसांज झाली काय उजवो डोळो मिटता." शेजारची काकी मालवणच्या बंदरावर मासळी विकते. तिन्हीसांजेचं दुखणं म्हटल्यावर बाधा ठरायला कितीसा वेळ! देवळात कौल लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. महिने गेले ते त्यातच.

शेवटी एका डॉक्टरने रबरी हातमोज्यात बर्फ भरला आणि मिटल्या पापणीवर दोन मिनिटं धरला. काढला, तर पापणी वर! मासळीवर जन्मभर बर्फ घालणारी काकी बघतच राहिली.

यात चमत्कार काही नाही. नसेच्या टोकातून अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे ते पकडणाऱ्या जागेला, चिकटतं, स्नायू आकसतो. लगेच एक एन्झाइम त्या रसायनाचे तुकडे करतं. लागोपाठ संदेश गेले की दर खेपेला रसायन थोडं कमी सुटतं. रिसेप्टर मुबलक असतात तोवर हे जाणवत नाही. काकीला झालेल्या मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात मात्र शरीराचीच प्रतिपिंडं (एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं) रिसेप्टर नष्ट करतात. मग दिवसभर उघडझाप करून पापणी थकते, झोपेनंतर सावरते. थंडीत ते एन्झाइम मंदावतं, असलेलं रसायन जास्त टिकतं. 1973 साली पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी वामीसारख्या दिसणाऱ्या विजेरी माशाचे रिसेप्टर सशांना टोचले. सशांनी त्याविरुद्ध केलेली प्रतिपिंडं त्यांच्याच स्नायूंवर उलटली आणि ससे लुळे पडले!

आता छाती. उरोस्थीमागे थायमस ग्रंथी असते. आपल्याच शरीरावर उठणाऱ्या टी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) तिथे बाद होतात. वयात आल्यावर ती आक्रसते. तिच्यात क्वचित थायमोमा ही गाठ होते आणि ही छाननी बिघडते. मायस्थेनियाच्या 100 रुग्णांत साधारण 10 ते 15 जणांना ती सापडते. म्हणून पापणीच्या तक्रारीला छातीचा सीटी स्कॅन.

गाठ सहज निघेलशी दिसली तर आधी सुईने तुकडा काढणं सहसा टाळतात, कारण आवरण फुटून पेशी फुप्फुसाभोवती सांडू शकतात. श्वासाचे स्नायू औषधांनी सावरून घेतात, मग उरोस्थी मधोमध कापून किंवा बरगड्यांमधून दुर्बीण घालून सगळी ग्रंथी भोवतालच्या चरबीसकट काढतात. दोन्ही कडांना श्वासपटलाच्या नसा असतात, त्या जपायच्या. रोबोटने केलेल्या शस्त्रक्रियेच्या जाहिराती झकास असतात. गाठ अखंड निघाली का, एवढंच विचारावं.

काकीची निघाली. जुनी प्रतिपिंडं मात्र लगेच जात नाहीत, म्हणून पिरिडोस्टिग्मिनची गोळी चालू आहे. तीही बर्फासारखी त्याच एन्झाइमला अडवते.