डॅनिश जहाजाची घडण मुंबईच्या गोदीत

शिडाच्या युद्धनौकेची पिछाडी ही तिची सर्वांत नाजूक जागा. दोन्ही बाजूंना जाड ओकच्या भिंती आणि तोफांच्या रांगा. मागे मात्र अधिकाऱ्यांच्या दालनांना उजेड हवा म्हणून खिडक्यांची रुंद, सपाट भिंत. शत्रूने मागची बाजू गाठली, की त्याचा गोळा डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विध्वंस करत जाई. तिरका चालून येणाऱ्यावर तर रोखायला तोफच नसे.

कोपनहेगनचा जहाजरचनाकार होहलेनबर्ग याने ही भिंतच आवळली. पाण्यावरचा मागचा भाग त्याने निमुळता केला, त्यामुळे कोपऱ्यांतून तोफा तिरक्या मागे वळवता येऊ लागल्या. ८० तोफांचे ‘क्रिश्चन सातवा’ १८०३ मध्ये पाण्यात उतरले ते असे. दालने आखडली खरी, पण लढाऊ जहाजावर पहिला हक्क तोफांचा, हे त्याचे म्हणणे मला पटते. १८०४ मध्ये तो वारला.

१८०७ मध्ये तटस्थ डेन्मार्कचे आरमार नेपोलियनच्या हाती पडेल या धास्तीने ब्रिटिशांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या. शहर जळाले, माणसे मेली आणि सगळे आरमार ब्रिटिशांनी ओढून नेले. १५ मोठ्या युद्धनौकांपैकी जेमतेम चार त्यांना वापरण्याजोग्या वाटल्या. ‘क्रिश्चन सातवा’ त्यांतले एक.

हाती आलेले चांगले जहाज मापून त्याच्या सांगाड्याच्या वळणांच्या रेषा कागदावर उतरवायच्या, ही ब्रिटिश आरमाराची रीत. ‘क्रिश्चन सातवा’च्या रेषा लहान करून ७४ तोफांच्या जहाजांचा ‘ब्लॅक प्रिन्स’ वर्ग, म्हणजे एकाच आराखड्याच्या जहाजांचा गट, आखला गेला. पण जहाज लहान करणे सोपे नसते. समजा, सगळी मापे दहा टक्क्यांनी घटवली. शिडांचे क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटते, वजन २७ टक्क्यांनी. वारा जहाजाला कलवतो तो जोर साधारण मापाच्या घनाने कमी होतो, तर सावरण्याचा जोर चौथ्या घाताने. म्हणजे धाकटे जहाज त्याच वाऱ्यात जास्त कलते. शिवाय माणूस काही लहान होत नाही. डेकची उंची त्याच्या डोक्याला पुरेल इतकी ठेवावीच लागते.

या वर्गातली दोन जहाजे मुंबईत जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या गोदीत सागवानात बांधायची ठरली. पहिल्याचे, ‘वेलस्ली’चे, नकाशे ‘जावा’ या ब्रिटिश फ्रिगेटवरून, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकेवरून, येत होते. त्याच जहाजावर मुंबईला निघालेले जनरल हिस्लॉप होते, पुढे महिदपूरला होळकरांशी लढले तेच. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ पाडाव केले आणि नकाशे गेले. मग ‘वेलस्ली’ मुंबईतच नुकत्याच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या आराखड्यावर बांधले गेले आणि १८१५ मध्ये पाण्यात गेले.

दुसरे, ‘मेलव्हिल’, मात्र त्या डॅनिश घडणीचेच, १८१७ मध्ये पाण्यात उतरले. तोवर मूळ ‘क्रिश्चन सातवा’ इंग्लंडात साथीच्या विलगीकरणासाठी नांगरून ठेवले होते. १८३८ मध्ये ते मोडीत निघाले. ‘मेलव्हिल’ मात्र हाँगकाँगला तरंगते रुग्णालय बनून १८७३ मध्ये विकले जाईपर्यंत टिकले.