इन्सुलिन पंप परदेशातून मागवताय? आधी सेटचं पाहा

“मुलीचा मामा अमेरिकेहून पंप आणतोय, तुम्ही फक्त सेट द्या,” असे फोन आम्हाला वरचेवर येतात. घरच्यांची तळमळ कळते. टाइप १ मधुमेह असलेल्या लेकराला रोज चार-पाच वेळा इन्सुलिन टोचणं कुणाला बघवतं? त्यात नवा पंप इथे लाखांच्या घरात जातो. तरीही आमची कळकळीची विनंती आहे: पंप आल्यावर नको, मागवण्याआधी फोन करा.

पंप एकदाच घ्यायचा असतो. त्याची नळी आणि कॅन्युला (त्वचेखाली राहणारं बारीक टोक), म्हणजे इन्फ्युजन सेट, दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. महिन्याला दहा-पंधरा सेट झाले, रिझर्व्हॉयर, म्हणजे पंपातली इन्सुलिनची कुपी, वेगळे. एका कंपनीचा सेट दुसरीच्या पंपाला बसेलच असं नाही, आणि तिकडचं मॉडेल भारतात विकलंच जात नसेल तर सेट आम्ही तरी कुठून आणायचे? सोबत आलेले सेट संपले की तो पंप कपाटात पडतो. वॉरंटीही बहुधा त्या देशापुरतीच असते. म्हणून पंपाच्या किमतीआधी महिन्याचा खर्च विचारा. खरेदी आमच्याकडून करा अथवा करू नका, हिशोब आम्ही लिहून देतो.

पंप आलाच असेल तर आधी घड्याळ बघा. बेसल डोस, म्हणजे दिवसरात्र थोडं थोडं जाणारं इन्सुलिन, ठरलेल्या तासांप्रमाणे जातो. अमेरिकेची वेळ तशीच राहिली तर पहाटेचा डोस भर दुपारी जाईल. ब्रिटनमधला पंप साखर मिलिमोलमध्ये मोजतो. आपली मिलिग्रॅममधली १८० म्हणजे तिथे १०.

इन्सुलिनची नेहमीची ४० ची (एका मिलीत ४० युनिट) बाटली पंपात कधीही भरू नका. पंपाचा हिशोब एका मिलीत १०० युनिट असा असतो. ४० चं इन्सुलिन भरलं तर पंप दहा युनिट दाखवेल आणि अंगात चारच जातील. डॉक्टरांनी लिहिलेलं झटपट काम करणारं १०० चंच इन्सुलिन आणा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही पंप देत नाही, याचा काहींना राग येतो. पण पंपावर असताना दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन अंगात नसतं. नळी दुमडली किंवा कॅन्युला निघाली तर काही तासांत किटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारी घातक आम्लं, वाढू लागतात. म्हणून रिझर्व्हॉयर भरणं, नळीतले बुडबुडे काढणं आणि अडचणीत इन्सुलिन टोचायचं पेन वापरणं घरच्यांनी आमच्यासमोर करून दाखवल्यावरच पंप हाती देतो. यात वेळ जातो, पण शिकवण्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

विम्याचं म्हणाल तर शरीराबाहेर वापरायची उपकरणं बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असतात. बिल करण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. त्यासाठी लागणारं कोटेशन आम्ही देतो.

इथे विकल्या जाणाऱ्या मॉडेलांचे सेट आमच्याकडे साठ्यात असतात. येताना चिठ्ठी आणि पंपाच्या मागच्या बाजूच्या मॉडेल नंबरचा फोटो आणा. फोटो आधीच पाठवलात तर सेट मिळेल की नाही ते फोनवरच सांगू.